घंटेचा फोन आणि फायबरची लाइन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळापासूनचा काळा, चकतीचा फोन आहे. तांब्याच्या तारेची लाइन होती तोवर त्याची घंटा सबंध वाड्याला ऐकू जात असे. गेल्या वर्षी फायबरची जोडणी घेतली आणि भिंतीवरच्या नव्या डब्यात या फोनची पिन लावली. डायल टोन येतो, बोलणे दोन्हीकडे स्वच्छ ऐकू येते. पण कोणी फोन केला की घंटेऐवजी आतून नुसती घुरघुर येते. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणतात की घंटा काढून टाका, इलेक्ट्रॉनिक बझर बसवून देतो. तसे करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करू नये, निदान एवढ्यात तरी नाही. आपल्या फोनची घंटा बिघडलेली नाही, तिला बळ कमी पडते आहे, आणि ती घुरघुरच त्याची साक्ष आहे. घंटेच्या कॉइलमध्ये प्रवाह पोहोचल्याशिवाय ती ऐकूच आली नसती. म्हणजे कॉइल शाबूत आहे, तिच्या वाटेवरचा कपॅसिटर शाबूत आहे आणि हातोडीही थरथरते आहे. ती घंटेच्या वाटीपर्यंत पोहोचत नाही एवढेच.

रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. घंटा वाजवायची वेळ आली की एक्सचेंज त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा एसी चढवते आणि हा एसी सेकंदाला २५ आवर्तने करतो. फोनमध्ये घंटेच्या मार्गात १.८ किंवा २ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो, ज्याला जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. तो डीसीला अडवतो आणि एसीला वाट देतो, म्हणून घंटा लाइनला कायम जोडलेली असूनही एरवी गप्प राहते. दोन कॉइलच्या तोंडाशी मध्यावर तोललेली एक लोखंडी पट्टी असते, शेजारी कायमचा चुंबक असतो, आणि प्रवाहाची दिशा पालटली की पट्टी दुसऱ्या बाजूला कलते. प्रत्येक आवर्तनात पट्टीला जोडलेली हातोडी एकदा या वाटीवर आणि एकदा त्या वाटीवर आपटते, म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके पडतात. आपल्याकडची रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग दोन सेकंद गप्प राहते. आपल्या कानात बसलेल्या त्या जोड-रिंगमधल्या एकेका ‘ट्रिंग’मध्ये असे वीस ठोके असतात. हे सगळे लोखंड हलवायला दहा-बारा मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण आजच्या इलेक्ट्रॉनिक फोनची चिप रिंग ओळखण्यासाठी जेवढा प्रवाह घेते त्याच्या मानाने तो राक्षसी आहे.

जुन्या एक्सचेंजांत हा एसी तयार करायला मोटारीवर फिरणारे वेगळे रिंगिंग मशीन असे आणि पाठीशी बॅटऱ्यांची खोली असे. लोडशेडिंगच्या काळात घरात अंधार असतानाही फोन चालू राही तो त्यामुळेच. फायबरने मात्र प्रकाश येतो, वीज येत नाही. आपल्या घरातली घंटा आता भिंतीवरचा तो छोटा डबाच वाजवतो, आणि तोही १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरमधून मिळणारी वीज फुगवून. काही डबे त्यातून साठ-पासष्ट व्होल्ट काढतात, काही पंचेचाळीस-पन्नासवर थांबतात. ७५ च्या जागी ५० व्होल्ट मिळाले की घंटेतला प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. तरी निराश होण्याचे कारण नाही. एक्सचेंजमधून निघालेले ७५ व्होल्ट काही किलोमीटर तांबे ओलांडून घरी येईपर्यंत वाटेत झिजत असत, डबा मात्र फोनपासून दोन हातांवर आहे. जुळवणी नीट केली तर बहुतेक घंटा डब्याच्या कमी व्होल्टेजवरही खणखणीत वाजतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या लाइनवर दुसरा फोन, कॉर्डलेसचा तळ, कॉलर आयडीची डबी असे जे काही जोडलेले असेल ते सगळे काढावे आणि एकटा जुना फोन लावून पाहावा. घंटेचा भार मोजण्यासाठी ‘आरईएन’ नावाचे एक माप असते. एक जुनी घंटा म्हणजे ढोबळमानाने एक आरईएन, आणि काही डब्यांची एकूण ताकदच एक ते तीन आरईएनची असते. बाकीचे फोन काढताच घंटा वाजली, तर फोन उघडण्याची गरजच उरली नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर लाइनची पिन काढून, आणि ती काढल्याची पुन्हा एकदा खात्री करून, मगच फोनचे झाकण उघडावे. कारण घंटा वाजत असताना उघड्या स्क्रूला बोट लागले तर चांगलाच झटका बसतो. आत प्रथम वाट्यांमध्ये काही कोंबलेले नाही ना ते पाहावे. हे मी थट्टेने लिहीत नाही. माझ्या मामांच्या घरचा फोन मी दोन दिवस तपासत होतो, मीटर लावून सगळी मापे वहीत उतरवली होती, आणि शेवटी दोन वाट्यांच्या मधून एसटीच्या तिकिटाची चार पदरी घडी निघाली. मामींनी दुपारच्या झोपेसाठी ती घातली होती, आणि त्यालाही पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

त्यानंतर पाहायची ती पट्टीला एका बाजूला ओढून धरणारी बारीक स्प्रिंग. चकती फिरवताना लाइनवर जे धक्के बसतात त्यांनी घंटा किणकिणू नये म्हणून ती दिलेली असते. एक्सचेंजच्या ७५ व्होल्टना तिची ओढ जाणवत नसे, डब्याच्या ५० व्होल्टना ती जड जाते. बऱ्याच फोनांत या स्प्रिंगचे टोक अडकवायला दोन-तीन खाचा असतात. टोक एक खाच सैल बाजूला सरकवावे. खाचा नसतील तर चिमट्याने स्प्रिंग किंचित, अगदी किंचित वाकवावी. माझ्या पहिल्या फोनची स्प्रिंग मी उत्साहाच्या भरात तोडली आणि तेव्हापासून तो फोन प्रत्येक आकड्याला टिणटिणतो. म्हणून हा शब्द दोनदा लिहिला.

राहिले वाट्यांचे अंतर. वाटीचे भोक बहुधा बरोबर मध्यावर नसते, आणि ते मुद्दामच तसे ठेवलेले असते. मधला स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. पट्टी बोटाने एका बाजूला टेकवून धरली असता हातोडी त्या बाजूच्या वाटीपासून पोस्टकार्डाच्या जाडीइतकी दूर राहायला हवी. ती वाटीला टेकून राहिली तर आवाज बद्द येतो, फार दूर राहिली तर ठोका पोहोचत नाही आणि आपण लिहिली आहे तशी घुरघुर ऐकू येते. दोन्ही वाट्या जुळवून, स्क्रू आवळून, झाकण लावून मगच मोबाइलवरून फोन करून पाहावा. झाकण उघडे असताना घंटेचा आवाज वेगळा येतो आणि त्यावरून अंदाज चुकतो.

एवढे करूनही घंटा मलूलच राहिली तर दोष डब्याकडे जातो. परदेशी बनावटीच्या काही डब्यांत रिंगची आवर्तने २० वर बांधलेली असतात आणि रिंगचा ताल अमेरिकी, म्हणजे दोन सेकंद वाजणे आणि चार सेकंद गप्प, असा असतो. आपली घंटा लांबलचक एकसंध वाजू लागली तर हे कारण समजावे. व्होल्टेज, आवर्तने आणि ताल हे तिन्ही अनेक डब्यांत सेटिंगमधून बदलता येतात, परंतु ती पाने सेवा देणाऱ्या कंपनीच्या पासवर्डमागे असतात. तेव्हा तक्रार नोंदवताना ‘फोन वाजत नाही’ असे मोघम न सांगता ‘फोनच्या पोर्टचे रिंगिंग व्होल्टेज वाढवून द्या’ असे नेमके सांगावे.

ज्या वाचकांच्या फोनमधून घुरघुरही येत नाही, त्यांनी कपॅसिटर तपासावा. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तो किलो-ओमवर ठेवून, लाइन काढलेल्या आणि रिसीव्हर जागेवर असलेल्या फोनच्या दोन तारांना लावावा. काटा क्षणभर उसळून परत आला, आणि मीटरच्या तारा उलट केल्यावर पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठी उसळी घेऊन परत आला, तर कपॅसिटर आणि कॉइल दोन्ही ठीक आहेत. काटा हललाच नाही तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. काटा वर जाऊन तिथेच राहिला तर कपॅसिटर गळतो आहे, आणि अशा फोनमुळे लाइन बाहेरच्यांना कायम व्यस्त मिळते. जुने कपॅसिटर कागदाचे असत आणि दमट हवेत ते ओल धरतात, त्यामुळे कोकणातल्या फोनांत ही तक्रार मला अधिक आढळली. नवा घेताना पॉलिएस्टरचा, १.८ किंवा २.२ मायक्रोफॅरडचा आणि २५० व्होल्टचा मागावा. ७५ व्होल्ट एसीचे शिखर १०६ व्होल्टपर्यंत जाते आणि त्यात लाइनचे ४८ मिळवले की १५४ होतात, म्हणून १०० व्होल्टचा स्वस्त कपॅसिटर इथे चालणार नाही. अधिक-उणे खुणा असलेला इलेक्ट्रोलिटिक तर मुळीच वापरू नये. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हा कपॅसिटर सहज मिळतो. कॉइल मोजायची तर फोनच्या जातीप्रमाणे ती हजार ते चार हजार ओम भरावी.

बझरबद्दल एवढेच सांगतो की तो बसवणारे जुनी घंटा बहुधा परत देत नाहीत. बसवायचाच असेल तर घंटा आपल्या ताब्यात ठेवावी.

प्रश्न : आमच्या जुन्या फोनची घंटा नव्या लाइनवर उत्तम वाजते, पण चकती फिरवून नंबर लावता येत नाही. सगळे आकडे फिरवले तरी डायल टोन तसाच चालू राहतो. चकती खराब झाली असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चकती बहुधा निर्दोष आहे, तिची भाषा डब्याला कळत नाही. चकती परत फिरताना लाइन ठरावीक वेळा तोडते : १ ला एकदा, ९ ला नऊ वेळा आणि ० ला दहा वेळा. हे सेकंदाला दहा या वेगाने होते, आणि प्रत्येक वेळी लाइन साधारण ६६ मिलिसेकंद तुटलेली आणि ३३ मिलिसेकंद जोडलेली राहते. स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या एक्सचेंजमध्ये हे धक्के तिथली यंत्रे प्रत्यक्ष वर चढवत आणि गोल फिरवत. नंतर आलेल्या डिजिटल एक्सचेंजांनीही, सी-डॉट या आपल्या सरकारी संस्थेच्या धरून, धक्के आणि सूर या दोन्ही रीती ओळखणे चालू ठेवले. फायबरच्या डब्यांपैकी काहींनाच धक्के कळतात, बाकीच्यांना बटनांच्या फोनचे सूर लागतात.

चाचणी सोपी आहे. रिसीव्हर उचलून फक्त २ फिरवा. डायल टोन बंद होऊन शांतता झाली तर डब्याला धक्के कळतात आणि दोष चकतीच्या वेगात शोधावा. टोन पुन्हा सुरू झाला तर कळत नाहीत. वेग पाहायचा तर ० फिरवून सोडावा आणि घड्याळ पाहावे. परतीचा प्रवास एक सेकंद किंवा त्याहून थोड्या अधिक वेळात पूर्ण व्हायला हवा. दोन सेकंद लागत असतील तर चकतीच्या मागचा वेगनियंत्रक धुळीने जड झाला आहे, तो मऊ ब्रशने साफ करावा. तिथे शिलाई मशीनचे तेल सोडण्याचा मोह अनेकांना होतो. वेगनियंत्रकाचे काम घर्षणावर चालते, आणि त्या जागी तेल गेले की चकती सुसाट सुटते आणि आकडे चुकू लागतात.

डब्याला धक्के कळतच नसतील तर धक्क्यांचे सुरांत रूपांतर करणारी छोटी जोडणी मिळते. ती फोन आणि डबा यांच्यामध्ये किंवा फोनच्या पोटात बसते. मिळाली तर तीच घ्यावी, कारण फोनचे मूळ भाग न बदलता काम होते. तोवर एक साधा बटनांचा फोन त्याच लाइनवर जोडून नंबर त्यावरून लावावा आणि बोलणे जुन्यावर करावे. घंटा मलूल झाली तर मात्र तो फोन काढून ठेवावा लागेल. तिसरा उपाय ऐकायला हास्यास्पद आहे, परंतु मी तो वापरतो : मोबाइलवर सूर वाजवणारे अॅप उघडून मोबाइल रिसीव्हरच्या बोलण्याच्या बाजूला धरायचा आणि नंबर वाजवायचा. शांत खोलीत दहापैकी आठ वेळा तो लागतो. बँकेचा फोन ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणू लागला की नुसत्या चकतीच्या फोनवर दुसरा इलाजही नसतो.

आणखी एक शक्यता सांगून ठेवतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. आपला फोन बरीच वर्षे माळ्यावर पडून होता असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे, म्हणून ही आठवण दिली. चकतीवर त्या शून्याचा सबंध एक सेकंद वाट पाहण्यात जातो.

प्रश्न : मुलाने इंग्लंडमधल्या जुन्या बाजारातून तिथला चकतीचा फोन आणला. इथल्या लाइनवर बोलता येते, परंतु घंटा जराही वाजत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्याची घंटा लाइनला जोडलेलीच नाही. इंग्लंडमध्ये १९८१ साली नव्या पद्धतीची भिंतीवरची सॉकेट आली, तेव्हा घंटेचा कपॅसिटर फोनमधून निघून मुख्य सॉकेटमध्ये गेला आणि तिथून घंटेसाठी तिसरी तार फोनपर्यंत येऊ लागली. त्याआधीचे जुने फोनही नव्या सॉकेटवर चालावेत म्हणून आतल्या जोडण्या बदलून तसे करून घेतले गेले. आपण इथे दोनच तारा जोडल्या असणार, कारण आपल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीत, दोनच असतात. तिसरी तार अधांतरी राहिली आणि तिच्याबरोबर घंटाही.

फोनच्या दोरीत तिसरी तार असेल तर वर सांगितलेला १.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन त्याचे एक टोक तिला आणि दुसरे लाइनच्या दोन तारांपैकी एकीला जोडावे. घंटा वाजली नाही तर ते टोक लाइनच्या दुसऱ्या तारेला लावावे. पहिल्या जोडणीने काही बिघडत नाही. हे सगळे रोझेटच्या झाकणाखाली मावते, फोन उघडावाही लागत नाही. फोनच्या आतला मूळ कपॅसिटर अजून जागेवर असण्याची शक्यता आहे, पण तो चाळीस-पन्नास वर्षांचा असेल. त्याच्यासाठी आतल्या जोडण्या पूर्ववत करत बसण्यापेक्षा नवा बाहेर लावणे बरे. आपल्या मुलालाही कळवावे की तिकडची तांब्याची जुनी लाइन जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायची आहे, त्यामुळे जुन्या बाजारात असे फोन आणखी दिसू लागले तर नवल नाही.

प्रश्न : आमच्या गावात तारेची लाइन उरलेली नाही, फायबरही आलेले नाही. मोबाइलच्या सिमवर जुना फोन वाजवता येईल का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : येईल. सिम घालायची जागा, अँटेना आणि मागे साध्या फोनची पिन बसेल असे भोक असलेला डबा मिळतो. तो सिमवर आलेला फोन साध्या लाइनसारखा पुढे देतो. घेताना दोन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. पहिली, डबा ४जी आवाजाची सेवा देणारा आहे का. नुसता २जी डबा जिओच्या सिमवर चालणार नाही. दुसरी, त्याची रिंग जुनी घंटा हलवू शकते का. याचे उत्तर खोक्यावर बहुधा छापलेले नसते, म्हणून आपला फोन पिशवीत घालून दुकानात न्यावा, डब्याला जोडावा आणि आपल्याच मोबाइलवरून त्या सिमला फोन लावावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे. डब्यात बॅटरी असेल तर उत्तमच, कारण पावसाळ्यात आपल्या भागातली वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.